ठिगळ

सत्त्याण्णवच्या पुरात, पलूसजवळ कृष्णेत उलटलेली फायबरची होडी तवनाप्पा अंगणात दुरुस्त करत होते. नात श्रद्धा तिच्यातनं गेली, ती सापडलीच नव्हती. होडी नीट करून पुन्हा शोधायला जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

हात नवखा. चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं आणि भोकावरचं ठिगळ तापून पाच मिनिटांत दगड झालं. तवनाप्पा जागचे हलले नव्हते, जवळ दुसरं कुणी आलं नव्हतं. तरी ठिगळावर पोरीच्या हाताचा लहानसा पंजा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी थंडीनं गारठलेली. पंजा तेवढा ऊन होता.

तवनाप्पांनी पॉलिश पेपर उचलला. बायको शालननं पंजावर हात टेकवला आणि तो काढलाच नाही.

“आवं, घासू नगा,” ती हळू म्हणाली. “बोट धरलंय तिनं माझं.”