मऊ स्प्रिंगा

रिस्तेनने पाना नवऱ्याच्या, इस्सातच्या, हातात दिला. तो स्नोमोबाइलच्या मागच्या सीटखालच्या जुन्या, कडक स्प्रिंगा काढून नव्या, मऊ बसवत होता. गेल्या हिवाळ्यात, पाचवा महिना असताना, तिने अशाच स्प्रिंगांसाठी विनवणी केली होती. “आमची आई सहाही पोरांच्या वेळी स्लेजगाडीवर आदळत फिरली,” तो हसून म्हणाला होता. त्याच्यामागे बसून रेनडिअरचा कळप हाकताना दिवसभर दणके बसले आणि रात्री तंबूत पोटातलं मूल गेलं होतं. “आता कशी बुद्धी सुचली?” तिने विचारलं. “अगं, कुत्री गाभण आहे,” तो ग्रीस चोपडत म्हणाला. “अशी कळप वळवणारी पुन्हा मिळायची नाही. तिला दणके सोसायचे नाहीत.” त्याने सीटवर थाप मारली. “बस जरा, किती दबते बघू.” रिस्तेन बसली. सीट अलगद खाली गेली. “झकास. आता उतर, तिला चढू दे.”