तुटका कोपरा

"दात आतून मेलाय. पू झालाय," डॉक्टर वसुधा साने म्हणाल्या. "आता दोनच वाटा. काढून टाकून खोटा बसवायचा, नाहीतर रूट कॅनल करून वर कॅप घालायची. कॅप घातली तर दात तुटला होता हे कुणाला कळणारही नाही."

नंदकिशोर खुर्चीत गाल दाबून बसला होता. ठणक्याने रात्रभर डोळा लागला नव्हता.

"तुटला कसा?"

तो काही बोलायच्या आत बाकावरून द्रौपदीबाईच म्हणाल्या, "ल्हान असताना. गावाक विहिरीच्या पायरेर पडलो."

त्याने मान डोलावली.

द्रौपदीबाईंचा एकुलता एक नंदू पंधराव्या वर्षी घरातून पळाला होता. पुढे गिरणी संपाच्या वर्षी कांजूरमार्गच्या चाळीत खुर्चीतला हा त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बाईंची नजर पुढच्या दातावर गेली. "माझो नंदू इलो!" म्हणत त्या गळ्यातच पडल्या. दीर गुणाजी कुरकुरले, चेहरा पटत नाही म्हणाले. तेव्हा बाईंनी चाळीदेखत त्याला तोंड उघडायला लावलं. "ह्यो दात बघा! आवशीक कोण शिकवतलो?" गुणाजी गप्प बसले. पण त्यांची नजर निवळली नव्हती, आणि गणपतीला ते येणार होते.

"रूट कॅनल करा," नंदकिशोर म्हणाला. "कॅप नको. कोपरा असाच राहू दे."

"अहो, नंतर दात ठिसूळ होतो. कॅप नसेल तर एक दिवस मुळापासून मोडेल. त्यापेक्षा आजच काढूया?"

"नाही!" तो खुर्चीतून अर्धा उठलाच.

डॉक्टर चकित झाल्या. "ठरवा तुम्ही. मी आलेच," म्हणून त्या बाहेरच्या खोलीत फोन घ्यायला गेल्या.

नंदकिशोरने जिभेने तुटका कोपरा चाचपला. सकाळचा चहा, "जेवलंस?" म्हणून विचारणारा आवाज, तापात कपाळावर ठेवलेला हात. सगळं त्या एवढ्याशा कोपऱ्याला टांगलेलं होतं. उद्या गुणाजीकाकांनी तोंड उघड म्हटलं, तर दाखवायचं काय?

द्रौपदीबाई उठून जवळ आल्या. त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

"कॅप बसवन घे, झिला. गुणाजीक मी बघतंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या नंदूचो दात कधी तुटलोच नव्हतो."