वय वर्षं सोळा

मुलगी चालत होती, कारण थांबलं की लोक विचारतात. हे तिला पहिल्याच रात्री कळलं होतं. भरभर चालणाऱ्याला कुणी हटकत नाही. त्याला उशीर झालाय, असंच सगळे धरून चालतात.

आजची चौथी रात्र. दिवसा ती स्टेशनच्या प्रतीक्षागृहात दप्तर उशाला घेऊन डुलक्या काढायची आणि अंधार पडला की निघायची. रुग्णालयाचं फाटक, बंद बाजार, मग नदीवरचा पूल. बाजारात कपड्यांच्या एका दुकानात काचेआड पुतळे उभे होते. त्यातला एक आपल्याकडेच बघतो असं तिला वाटायचं. काल तिने त्याला हात केला होता. दिवसभरात दुसऱ्या कुणाला हात करायची वेळ आली नव्हती.

पूल ओलांडून ती उजवीकडे वळली. इथे मात्र ती रोज थांबायची. चार मजली इमारत, समोर एक लोखंडी बाक. सगळ्या खिडक्या काळ्याभोर, फक्त तिसऱ्या मजल्यावरची एक उजळ. त्या खिडकीत कुणीतरी रस्त्याकडे बघत बसलेलं असायचं, अजिबात न हलता. पहिल्या रात्री मुलगी तिथून पळत सुटली होती. दुसऱ्या रात्रीपासून ती बाकावर बसू लागली, आजही बसली. वर जावं असं फार वाटायचं, पण पाय उचलत नव्हते.

"ए पोरी, काय चाललंय?"

पोलिसांची गाडी कधी येऊन उभी राहिली, तिला कळलंच नाही. खाली उतरलेली पोलीसबाई पन्नाशीची होती. तिच्या डोळ्यांवर झोप होती, पण आवाजात नव्हती.

"काही नाही. बसलेय."

"हे काय बसायचं ठिकाण आहे? वय किती?"

"सोळा."

"घर कुठे?"

मुलीने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"हे बघ, मी काही तुला खात नाही. घर सांगितलंस तर घरी सोडते. नाहीतर ठाण्यात बसायचं, आणि सकाळी बालगृहाचे लोक येतील न्यायला."

मुलीने मान वर केली. मग हातही.

"ते. तिसरा मजला. दिवा आहे ते."

पोलीसबाईने डोळे बारीक करून वर पाहिलं. "खिडकीत कोण बसलंय?"

"आई," मुलगी म्हणाली. खूप दिवसांत न वापरलेला आवाज निघावा, तसा तो शब्द घोगरा निघाला.

"अगं, ती बिचारी तिथे जीव मुठीत धरून बसलीय आणि तू इथे? चल वर."

जिन्यात दिवा नव्हता. पोलीसबाई कठड्याला धरून चढत होती आणि बोलत होती. "माझीही आहे एक पंधरा वर्षांची. सकाळी उठवायला ढोल बडवावा लागतो. आणि तू बघ, रात्रभर जागी." एकेका पायरीवर मुलीचा श्वास जड होत होता. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि मागे वळली. पोलीसबाईने तिचं मनगट धरलं. "ओरडतील, ओरडू दे. आईच ती."

घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. दारातली बाई सडपातळ होती, केस कानांवर पांढरे. ती पोलीसबाईकडे न बघता मुलीकडेच बघत राहिली. फार वेळ.

"ही खाली बाकावर बसली होती," पोलीसबाई म्हणाली. "तुमचीच ना?"

बाईचे ओठ हलले, आधी नुसतेच.

"आलीस?" ती मुलीला म्हणाली. "ये. आत ये."

पोलीसबाईने सुटकेचा श्वास सोडला आणि वही पुढे केली. "ताई, तिचं नाव, वय लिहा आणि खाली सही करा."

बाईने नाव झरझर लिहिलं. वयापाशी थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहिलं, सोळा.

"पोरीचं वय मोजावं लागतं होय?" पोलीसबाई हसली.

"मुली भराभर वाढतात हो."

"तेही खरंच." पोलीसबाईची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. दोन वेण्यांची, दहा-अकरा वर्षांची मुलगी. "चेहरा अगदी तुमच्यावर गेलाय."

"सगळे तसंच म्हणायचे."

"रागावू नका तिला आज. उद्या रागवा." एवढं बोलून पोलीसबाई निघाली. जड बुटांचा आवाज जिन्याने उतरत गेला. खाली गाडी सुरू झाली, मग तीही लांब गेली.

मुलगी दाराला पाठ लावून उभी होती. दप्तराचा पट्टा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मोरी डावीकडे आहे. हातपाय धू," बाई म्हणाली. "टॉवेल खुंटीला आहे."

ती हातपाय धुऊन आली तेव्हा ताट वाढलेलं होतं. जेवण गरम होतं. बाई समोर बसली आणि पहिल्यासारखीच न हलता बघत राहिली. मुलीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडायला लागलं.

"सावकाश खा. माझी लेक गेली त्याला पाच वर्षं झाली," बाई म्हणाली. "आता सांग, तू कोणाची गं?"