कातळावरचा भंडारा

१९८३च्या डिसेंबरात मस्कतहून आम्ही दोन मराठी जोडपी, मी नि माझे यजमान, शिरोळे नि त्यांची बायको मालती, वाळवंटात भटकायला गेलो. वाटाड्या होता मी शिकवायचे त्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर सालिम. त्याच्या आजोबांनी राखलेली पाच कातळचित्रं तो परक्यांना प्रथमच दाखवणार होता, तेही केवळ माझ्या शब्दावर.

पहिल्या कातळावर घोडेस्वार कोरलेला होता.

“अहो, हा तर आपला खंडोबा!” शिरोळे ओरडले. जेजुरीचा भंडारा त्यांच्या खिशात असायचाच. तो डब्यातल्या लोणच्याच्या तेलात कालवून त्यांनी घोड्यासकट स्वारावर चोपडला.

“पुसा ते, शिरोळे!”

“वहिनी, देव ओळखायला भक्ती लागते. मालती, फोटो काढ.”

माझे यजमान हात जोडून उभे!

सालिम डोक्याचा रुमाल सोडून पुसत बसला. तेल दगडात मुरलं होतं. मी माफी मागितली. त्याने गाडी माघारी वळवली.

शिरोळे ‘वाळवंटातला खंडोबा’ यावर मरेपर्यंत व्याख्यानं देत हिंडले. मालती अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते. माझे यजमान टाळ्या वाजवता वाजवता म्हातारे होऊन गेले. उरलेली चार चित्रं कोणालाही न दाखवता सालिम वारला. त्याच्या लेखी मी शेवटपर्यंत त्या मूर्खांचीच मैत्रीण.