हरकत नाही

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि चष्म्यावरून समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

बोलायला कोणी नव्हतंच. कारकून पेनाचं टोपण काढून वाट बघत होता. बाजूच्या खुर्चीत नगरसेविका दाराकडे डोळे लावून बसली होती.

दवाखाना हलवायचा प्रस्ताव होता. तिच्या वॉर्डातल्या मागच्या गल्लीतला, दोन खोल्यांचा. तो हमरस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत जाणार होता. इमारत चांगली, हवेशीर. पण त्या गल्लीत कधीकाळी बाहेरून येऊन वसलेली माणसं राहत. त्यांची भाषा वेगळी, आणि ती भाषा येणारी एकुलती एक सिस्टर या दोन खोल्यांत होती. नव्या इमारतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"येतील ती माणसं," नगरसेविका म्हणाली. "जरा थांबू या. नोटीस त्यांच्या भाषेत नव्हती लावलेली."

"नसेल," अध्यक्ष म्हणाले. आवाजात खोच नव्हती. "पण तुम्ही होतात ना, ताई?"

रविवारी स्वतः जाऊन सांगू, असं तिने ठरवलं होतं. एक रविवार पाहुण्यांत गेला, एक तापात, एक नुसताच. शेवटी शिपायाला म्हणाली होती, तिकडे जरा कळव. त्याने कळवलं का, हे विचारायचंही राहून गेलं होतं.

"मी घेऊन येते त्यांना," म्हणत ती उठली.

गल्लीच्या तोंडाशी शिंपीमास्तर मशीनवर बसले होते. गल्लीत त्यांनाच इकडची भाषा नीट यायची, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं त्यांच्या तोंडून व्हायचं. स्कूटरवरून उतरणाऱ्या ताईंना बघून त्यांनी पाय थांबवला, डोळे बारीक केले आणि मागे वळून आत बायकोला हाक मारली. तिला काहीतरी सांगितलं. आत पेटीचं झाकण वाजलं.

"काय सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"ओळखपत्रं काढून ठेव म्हटलं. मतदान आलं ना?"

"मतदान नाही, मास्तर."

"मग?" मास्तर खरंच गोंधळले होते.

ताईंनी सांगितलं. दवाखाना, नवी इमारत, आजची सुनावणी, सगळं उभ्याउभ्या. मास्तरांनी मशीनवरचं कापड सोडवलं, घडी घातली. मग म्हणाले, "सिस्टर काहीतरी बोलत होती. सामान बांधायला सांगितलंय म्हणे. बायका घाबरल्या होत्या. मीच म्हटलं, उगाच कशाला जिवाला लावून घेता? तसं काही असतं तर ताई सांगायला आल्या असत्या."

ताईंनी खाली पाहिलं.

"निवडून आल्यावर तुम्ही म्हणाला होतात, दर महिन्याला बसू, काय चाललंय ते सांगत जाईन," मास्तर म्हणाले. "आम्ही सतरंजी घालून बसायचो. पहिल्या खेपेला आलात. नंतर आम्हीच आपसांत गप्पा मारून उठायचो. पुढे सतरंजी घालायचं सोडलं."

"चुकलंच माझं."

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. ते सहज म्हणाले, पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं. "चला, कुठे यायचंय?"

ते चपला घालेपर्यंत गल्लीत बातमी पसरली. दोन बायका कामाचे हात पुसत निघाल्या. त्यांच्या पुढे म्हातारी सुईण निघाली. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. हात थरथरायला लागल्यापासून ती बाळंतिणीला घेऊन सिस्टरकडे जायची आणि उशाशी बसून राहायची. स्कूटरवर बसायला तिने मान हलवून नकार दिला. मग ताईही स्कूटर ढकलत सगळ्यांबरोबर चालत निघाल्या. म्हातारीच्या चालीने चालायचं म्हणजे वेळ लागणारच. लवकर चला, असं म्हणायला ताईंची जीभ रेटेना.

सगळे सभागृहात पोचले तेव्हा अध्यक्ष नव्हते. कारकून कागद पिशवीत भरत होता आणि सफाईवाली खुर्च्या एकात एक घालत होती.

"साहेब थांबले होते," कारकून म्हणाला. "खूप थांबले. त्यांना पुढची बैठक होती. हरकत नाही, अशी नोंद झाली."

"आता घ्या ना लिहून," मास्तर म्हणाले. "ही काय, आम्ही आलोय."

"मिटलं ते, मास्तर. आता मला लिहिता येत नाही." त्याने ताईंकडे पाहिलं, ओशाळून, आणि पिशवी उचलली.

मास्तरांनी बायकांना सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. एकजण पदर तोंडाला लावून खिडकीपाशी गेली. म्हातारी मात्र पुढे झाली, उरलेल्या एका खुर्चीवर टेकली आणि मास्तरांना काही विचारलं.

"म्हणतेय, कुणाकडे बघून बोलायचं?"

"संपलं म्हणून सांगा त्यांना," ताई हळूच म्हणाल्या.

"सांगितलं. म्हणते, एवढं चालत आले, तर बोलून जाते."

ताईंनी एक खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. "माझ्याकडे बघून बोला, आजी."

म्हातारी बोलायला लागली. सावकाश, मांडीवर हात ठेवून. मधेच तिने हातांनी अंतर दाखवलं, मग रस्ता दाखवला, मग तळवे जोडून त्यात काहीतरी लहानसं धरल्यासारखं केलं. सफाईवालीने हातातली खुर्ची खाली ठेवली. ताईंनी मास्तरांकडे पाहिलं, पण मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्याच्याने सांगवेना.

ताई ऐकत राहिल्या. एकही शब्द कळत नव्हता. त्या भाषेतलं एकच वाक्य त्यांना येत होतं, मास्तरांकडून घोकून घेतलेलं, घरोघरी हात जोडून म्हटलेलं. मत मागायचं.