सहाव्या टाकीचा मीटर

टाक्या सहा होत्या, नवे लेव्हल मीटर पाच. सहाव्या टाकीला लहान्या.

तलासरीच्या या कारखान्यात पातळ साबण बनायचा आणि चार मीटर उंच लोखंडी टाक्यांत साठायचा. लहान्या चिकूच्या लाकडाचा ठोकळा घेऊन टाकीवर खालून वर ठोकत जाई, एका जागी थांबे आणि खडूची रेघ ओढे. आत साबण तेवढाच. सहावा मीटर महिनाअखेर येणार होता. मग लहान्याला कायमची सुट्टी.

मीटर तपासायला नेमलेली रविना नुकतीच एम.एस्सी. झाली होती. शिडी चढून तिने टाकीत टेप सोडला. साबण २३१० मिलिमीटर. लहान्याची रेघ २३०५.

"काका, कसं कळतं?"

"मास्क काढ ना बाय. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं म्हंजे बरं वाटतं."

शेजारीच पावडर विभाग असल्यामुळे सगळेच मास्क लावत. तिने तो खाली ओढला आणि पुन्हा विचारलं.

"ठोकलं की कळतं. भरल्याचं वेगळं, रिकाम्याचं वेगळं."

एवढ्याने तिचं समाधान होईना. ठोकताना त्याचा डावा तळवा पत्र्यावर टेकलेला असे. उन्हात टाकीचा रिकामा भाग लवकर तापतो. म्हणजे हा ऊब चाचपत असणार!

दुसऱ्या दिवशी ती ऊन चढायच्या आत आली. थर्मामीटर लावला. रेघेच्या वर चोवीस अंश, खालीही चोवीस. तरीही लहान्याची रेघ फक्त चार मिलिमीटरने चुकली. तळव्याचा मुद्दा तिने वहीत खोडला.

राहिला कान.

"आता कुणी बोलू नका," ती म्हणाली.

आवार झाडणारी शुक्री, लहान्याची बायको, फिसकन हसली. "माझी बडबड त्याला कधी नडली नाय. तुमची काय नडणार?"

रविनाने उलटच केलं. पंप चालू करायला सांगितला. शेजारच्याचं बोलणं कळेना इतका आवाज. लहान्या ठोकत गेला, थांबला, रेघ ओढली. तीन मिलिमीटरचा फरक.

मग बाकीच्या पाच टाक्या. तिथे साबणावर फेस होता आणि मीटर फेसालाच साबण समजत होते. ऐंशी-ऐंशी मिलिमीटर जास्त. लहान्या कुठेही दहाच्या पुढे चुकला नाही.

तिने अहवालात लिहिलं : 'गोंगाटातूनही नेमका नाद टिपणारा असामान्य कान. मीटर पडताळायला लहान्याला कायम ठेवावं.'

मॅनेजर प्रविणभाईंनी तो दोनदा वाचला. "माझी ना नाही, रविनाबेन. पण ऑडिटवाल्यांना काय दाखवू, कान? मीटरला सर्टिफिकेट असतं. याचंही आणा."

रविना धावतच टाक्यांकडे गेली. शुक्रीने लहान्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो वळला.

"काका, नोकरी पक्की! फक्त डहाणूला जाऊन कान तपासून यायचं. कंपनीची गाडी आहे."

लहान्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग शुक्रीकडे.

"नको बाय. येऊ दे तुझा मीटर."

"असं काय करता? अर्ध्या तासाचं काम!"

"कानच तपासणार?" शुक्रीने विचारलं. "हात नाय?"

रविना हसली. "हाताने ऐकतात का, मावशी?"

शुक्री खाली बघून झाडू लागली. लहान्याने ठोकळा सहाव्या टाकीच्या शिडीखाली नीट ठेवला आणि तो गाडीकडे निघाला.

गुरुवारी डहाणूहून पाकीट आलं. अहवालात रविनाने 'श्रवणक्षमता' या शब्दापुढे जागा सोडली होती. पेनाचं टोपण काढून तिने कागद उलगडला.

उजवा कान : शंभर डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. डावा कान : शंभर डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. बहिरेपण : पूर्ण, अकरा वर्षं.