अकरा ठोके

सातवं गाणं ऐन रंगात आलं आणि भिंतीवर काठीचे तीन ठोके पडले.

आशिषने गिटार न थांबवता ड्रमवर बसलेल्या सिद्धारामकडे पाहिलं. शेजारच्या मुकुंदकाकांनी ठोकलं की बँडने थांबायचं, हा वर्षभराचा शिरस्ता. काका ऐंशीच्या पुढचे, एकटे, गुडघ्यांनी पार हात टेकलेले. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन घरांना मधली भिंत एकच, आणि काकांची कॉट तिलाच चिकटून. आवाज दबावा म्हणून आशिषने खोलीभर चादरी टांगल्या होत्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! पण ड्रमपुढे चादरीचं काय चालणार? रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग सुरू झालं की एकदा तीन ठोके यायचे. सगळे चिडीचूप. चहा व्हायचा, मग हळूच पुन्हा सुरुवात. काका दुसऱ्यांदा ठोकत नसत. असं थांबत थांबत ‘सात रस्ता’ या सात गाण्यांच्या अल्बमला चौदा महिने लागले होते.

“आज म्हातारा ठोकू दे, न्हायतर भिंत पाडू दे,” सिद्धारामने आधीच बजावलं होतं, “थांबायचं न्हाय.”

ते थांबले नाहीत. पुन्हा तीन ठोके पडले. मग सुटे सुटे, दमानं. आशिष नकळत मोजत होता. अकरा झाले, आणि पुढे काही नाही. गाणं मात्र असं जमलं, की संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

“दमला म्हातारा,” सिद्धाराम हसला. आशिषही हसला.

सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या मथुराबाईंना काका कॉटशेजारी जमिनीवर पडलेले दिसले. काठी हातातच होती. काल संध्याकाळीच हृदय बंद पडलं असावं, डॉक्टर म्हणाले.

आशिषच्या जिवाला घोर लागला. काका बोलावत होते की काय? “आपल्याला काय म्हाईत होतं?” सिद्धाराम म्हणायचा, पण तोही नजर चुकवायचा. मग आशिष स्वतःची समजूत घालायचा. काका रोज रागानेच ठोकत. त्या दिवशीही रागानेच ठोकलं असणार. या एका समजुतीवर त्याने तीन महिने काढले. ते ठोके ड्रमच्या माइकमध्ये शिरले होते. ते काढायला गेलं की ड्रमही जायचे, आणि गाणं पुन्हा वाजवायचा धीर कुणातच उरला नव्हता.

अल्बम तसाच बाहेर पडला. लोकांनी सातवं गाणं डोक्यावर घेतलं. त्यातलं ते लाकडी वाद्य कोणतं, असं जो तो विचारू लागला. आशिष विषय बदलायचा.

घर आवरायला काकांची मुलगी प्रभाताई नाशिकहून आली, तेव्हा ती आधी आशिषकडेच आली.

“ऐकलं मी तुमचं गाणं,” ती म्हणाली. “ती बाबांची काठी ना? बरं केलंस, ठेवलीस ते.”

कधीतरी हे बोलायलाच हवं होतं.

“ताई, आम्ही फार त्रास दिला त्यांना. रोज चिडून ठोकायचे.”

“चिडून?” प्रभाताईला हसू आलं आणि डोळेही भरले. “अरे, एकटे राहू नका म्हणून मी सारखी त्यांच्या मागे लागायचे. तर फोनवर मला म्हणायचे, ‘तू उगाच काळजी करतेस. मी रोज एकदा भिंतीवर ठोकून बघतो. पोरं लगेच थांबतात. हाक पोचते.’”